पंचवीस पट

तिसऱ्या स्कोपमधली रेघसुद्धा मध्येच वाकडी आहे, असं राजीव म्हणाला. आयर्लंडमधल्या ट्रलीतलं हे दुकान बंदुकांचं, मासे धरायच्या गळांचं आणि गुडघ्यापर्यंतच्या रबरी बुटांचं. शनिवारची दुपार, आणि बाहेर पडतोय म्हणावा तर पडतोय, नाही म्हणावा तर नाही, असा इथला पाऊस. मालक जेरी काउंटरपलीकडे उभा होता. राजीवनं, माझ्या नवऱ्यानं, उजवा डोळा स्कोपला, बंदुकीवर बसवायच्या त्या दुर्बिणीला लावला होता, डावा घट्ट मिटला होता, आणि उघड्या दारातून तो रस्त्यापलीकडच्या फार्मसीच्या हिरव्या क्रॉसवर नेम धरल्यासारखा बघत होता. "उभी रेघ मध्यावर आली की डावीकडे झुकतेय," तो म्हणाला, "आणि तिथंच जरा धुरकट आहे. काच भिकार आहे, दुसरं काय." जेरीनं स्कोप घेतला, स्वतः बघितलं आणि माझ्या हातात दिला. आधीच्या दोन्ही वेळी त्यानं हेच केलं होतं. मी बघितलं. बारीक काळी रेघ, वरून खालपर्यंत सरळ, आमच्या शाळेतल्या पीटीच्या बाईंसारखी. आडवी रेघ तिला छेदत होती त्या जागी फार्मसीचा क्रॉस, आणि त्यातला एकेक हिरवा दिवा वेगळा मोजता यावा इतका स्वच्छ. काच अप्रतिम होती. काचेतलं मला कळतं, माझं पोटच त्यावर चालतं.

मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात जी लेन्स बसवतात, ती आमच्या कंपनीत होते आणि ती तपासायचं काम माझ्या विभागाकडे आहे. तपासणी म्हटली तर सोपी. लेन्सच्या मागे बारीक चौकटींची जाळी धरायची आणि बघायचं. रेघ वाकलेली दिसली की लेन्स नापास. काही वर्षांपूर्वी डोळ्यांचे एक डॉक्टर आम्हाला व्याख्यान द्यायला आले होते, तेव्हा त्यांनी तीच जाळी भिंतीवर दाखवली आणि एका बाईंची गोष्ट सांगितली. बाईंनी घराला नवीन दार बसवलं, ते वाकडं बसलं म्हणून सुताराशी भांडल्या, दुसरा सुतार आणला, तेही वाकडं, मग तिसरा. आम्ही सगळे पोट धरून हसलो. डॉक्टर हसू संपेपर्यंत थांबले आणि म्हणाले, दार सरळच होतं. बाईंच्या डोळ्याच्या पडद्याखाली, अगदी मधोमध, पाणी झिरपत होतं. वेळेत इंजेक्शन दिलं तर जे शिल्लक आहे ते वाचतं, गेलेलं मात्र परत येतंच असं नाही, म्हणून यात एकेक दिवस महत्त्वाचा. मी ते वहीत उतरवूनसुद्धा घेतलं होतं, आणि आता जेरीच्या काउंटरपाशी तो जर्मन स्कोप हातात धरून उभी होते. मला त्याच क्षणी कळलं. पण कळणं आणि तोंड उघडणं यांच्यात किती अंतर असतं, ते त्या दुपारी मोजायला मिळालं.

कारण तोवर राजीवचं पुन्हा सुरू झालं होतं. त्याला पंचवीस पट मोठं दाखवणारा स्कोप हवा होता. पाचपासून पंचवीसपर्यंत फिरवता येणारा, हाताएवढा लांब, मुसळासारखा जड. दुकानात शिरल्यापासून जेरी त्याला या खुळातून बाहेर काढायला बघत होता. जेरी इथल्याच केरी काउंटीतला, बोलणं उतारावरून धावत आल्यासारखं, पण धंद्यात प्रामाणिक. त्यानं सांगितलेलं मला सगळं पटत होतं. रानात हरीण दिसतं ते शंभर पावलांच्या आत, झाडाझुडपांत, आणि तेही संध्याकाळच्या मावळत्या उजेडात. तिथं सहा पट रग्गड झाली. पट वाढवत गेलं की समोरचा तुकडा लहान होत जातो. हरणाचा कान दिसतो, हरीण कुठाय तेच कळत नाही. शिवाय उजेड कमी होतो, आणि आपला श्वास, आपल्या छातीची धडधड, तीही पंचवीस पट होते. "लांबवरच्या कागदावर नेम मारणाऱ्यांचं खेळणं आहे ते," जेरी म्हणाला. "तुमचा मित्र डोनल बघा. जन्मभर त्याच्या बंदुकीवर तोच एक सहा पटीचा स्कोप." राजीव ऐकून घेत होता आणि मान हलवत होता. लग्नाआधी माझे वडील पगाराबद्दल विचारत होते तेव्हाही त्यानं अशीच मान हलवली होती. मग म्हणाला, "सगळं खरं. पण सहामध्ये मला हरीण दिसत नाही."

ते वाक्य मी आधी दोनदा ऐकलं होतं, पण माझ्या कानात आत्ता शिरलं. बंदूक घेतली तेव्हा तिच्यावर नऊ पटीपर्यंतचा स्कोप होता आणि राजीव त्यावर खूश होता. उन्हाळा संपता संपता तो बदलून सोळाचा आला. आता पंचवीस. त्या पाण्यानं डोळ्यात मधोमध पडलेला डाग काही दूर-जवळ होत नाही, तो जिथल्या तिथे बसलेला असतो. हरीण लहान दिसलं तर ते अख्खंच्या अख्खं डागाखाली जातं. मोठं केलं की त्याचे पाय, पाठ, शिंगं डागाच्या बाहेर सांडतात आणि माणसाला वाटतं, हां, आता दिसलं. म्हणजे इतके महिने डाग वाढत होता आणि माझा नवरा पट वाढवत होता. आणि मी, काचा तपासणारी बाई, शेजारच्या खोलीत बसून, "अजून एक दुर्बीण? त्यापेक्षा तू जरा जवळ का जात नाहीस हरणाच्या?" असे विनोद करत होते.

जेरीनं शेवटी एकच केलं. पंचवीस पटीचा स्कोप बंदुकीवर बसवायला ज्या रिंगा लागतात त्या संपल्यात, मंगळवारी येतील, असं तो म्हणाला. रिंगा त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर ओळीनं टांगलेल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं, जेरीनं माझ्याकडे बघितलं. "मंगळवारपर्यंत काही बिघडत नाही," तो राजीवला म्हणाला, आणि मला दारापर्यंत सोडायला आला, जे तो कुणासाठी करत नसावा. दारात त्यानं एवढंच विचारलं, "गाडी तुम्ही चालवता का?" मी म्हटलं, चालवते. "ग्रँड," जेरी म्हणाला आणि आत गेला.

पण किल्ली राजीवकडे होती आणि तो केव्हाच चालकाच्या जागेवर बसला होता. गाडी त्यानं नेहमीसारखीच सफाईनं काढली. दोन्ही डोळे उघडे असले की डावा उजव्याचं झाकून नेतो. त्याला वर्तमानपत्र वाचता येत होतं, भाजी निवडता येत होती, माझ्या कुर्त्यावरचा हळदीचा डागही त्यानं परवाच दाखवला होता. एक डोळा मिटायचं काम रोजच्या आयुष्यात कुणाला पडतं? पडतं ते नेम धरणाऱ्याला. मी शेजारी बसून रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ बघत राहिले. ट्रली मागे पडलं, कॅसलआयलंड आलं आणि गेलं, चढ लागला, आणि राजीव उद्याबद्दल बोलायला लागला. उद्या रविवार. डोनलच्या रानात वरच्या अंगाला लाकडी मचाण आहे, तिथं आजवर डोनलशिवाय कुणी बसलेलं नव्हतं. उद्या ती जागा डोनलनं राजीवला दिली होती. "क्लबातल्या कुणालाही नाही, मला," राजीव म्हणाला. आणि जरा थांबून, "सोळाच्या स्कोपवर भागवू उद्या."

हे मचाण म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी लिमरिकच्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात राजीवच्या टीमला घरी बसवलं. पैसे बरे दिले, केक कापला, आणि माणूस सोमवारपासून पायजम्यावर. आम्ही रॅथकीलच्या अलीकडच्या गावात राहतो. तिथं दिवसा माणूस बघायला मिळायचा तो एक पोस्टमन. राजीव खिडकीत उभा राहायचा आणि मी कामावरून आले की मला सांगायचा, आज पोस्टमनची गाडी धुतलेली होती. मला धडकी भरायची. मग शेजारच्या डोनलनं त्याला एकदा सोबतीला नेलं. डोनलनं लावलेली ओकची कोवळी रोपं हरणं खाऊन टाकत होती आणि त्याला रानात गप्प बसून राहणारं कुणीतरी हवं होतं. राजीव भिजून, चिखलानं माखून घरी आला आणि नोकरी गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवला. ज्या घरात अंडंसुद्धा वेगळ्या भांड्यात शिजायचं त्या घरातला हा मुलगा. पुढे परवाना झाला, बंदूक आली, पोलीस येऊन बंदुकीचं लोखंडी कपाट भिंतीला नीट ठोकलंय ना ते बघून गेला. त्या कपाटाच्या वरच आमची देवाची फळी, त्याला दुसरी भिंत रिकामी नव्हती. पोलिसानं गणपतीला बघून टोपी काढली. आमची इरावती तेव्हा फोनवर ओरडली होती, "डॅड, यू'र किलिंग बॅम्बीज नाऊ, इज इट?" पण तीच मला मागाहून म्हणाली की बाबाचा आवाज परत आला. आवाज परत आला, हे अगदी बरोबर. आणि आता मला एका वाक्यात तो काढून घ्यायचा होता.

न बोलून चालणार नव्हतं, तेही दिसत होतं. गेल्याच शनिवारी त्यानं एका मादीवर गोळी झाडली आणि ती तिच्या मागच्या पायात लागली. जिथं नेम धरला होता तिथून दोन हात मागे. डोनल आणि तो अख्खी दुपार काट्याकुट्यांतून रक्ताचा माग काढत फिरले, तेव्हा कुठं ती सापडली आणि डोनलनं गोळी घालून तिला सोडवलं. राजीव घरी आला, बूट न काढता स्वयंपाकघरात उभा राहिला आणि म्हणाला, "ती माझ्याकडे बघत होती गं." मी त्याला चहा दिला. स्कोप हलला असेल, मी म्हटलं. मीच म्हटलं. आणि मचाणाच्या खालून, कुंपणाच्या पलीकडून, रविवारी गावातली माणसं कुत्री घेऊन फिरायला जातात. तपकिरी कोट घालतात. हा विचार मी अर्धाच केला आणि खिडकीची काच खाली केली.

"गार लागतंय," राजीव म्हणाला. मी काच वर केली. मग मला दिवाळी आठवली. इथं अंगण कसलं, दारापुढे छपराखाली जेवढी फरशी कोरडी राहते तेवढ्यात आम्ही रांगोळी काढतो. ठिपके राजीवचे, रेघा माझ्या, ही लग्नापासूनची वाटणी. त्याला कागद लागत नाही, दोरी लागत नाही. उकिडवा बसतो, एक डोळा मिटतो, सुतार फळीची धार बघतो तसा ओळीवरून बघतो आणि चिमटीतून ठिपका सोडतो. ओळ अशी येते की मोजपट्टीनं लाजावं. या दिवाळीला मधली ओळ वाकडी आली. नुसती वाकडी नव्हे, मध्यावर पोट सुटल्यासारखी. मी हसले, म्हटलं, काय हे, म्हातारा झालास, आणि बोटानं पुसून मीच चार ठिपके नीट केले. राजीव हसला नव्हता. तो एकदा एक डोळा मिटून, एकदा दुसरा मिटून त्या ओळीकडे बघत बसला होता. मला वाटलं, फराळाची वाट बघतोय. गाडीत बसल्या बसल्या ते चित्र माझ्यासमोर उभं राहिलं. एकदा हा डोळा, एकदा तो. अरे देवा, मी मनात म्हटलं, हा तर स्वतःला तपासत होता.

"ॲबीफीलला थांब," मी म्हटलं. "चहा पिऊ."

त्यानं चौकात गाडी लावली, पळत जाऊन दोन कागदी कप आणले आणि आत येऊन बसला. समोर एका घराचं लोखंडी कुंपण होतं, काळे उभे गज, शाळेच्या वहीतल्या समासाइतके सरळ. मी कप डॅशबोर्डवर ठेवला.

"राजीव, डावा डोळा झाक आणि ते गज बघ."

"चहा गार होईल."

"झाक म्हणते ना."

त्यानं डोळा झाकला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो समोर बघत राहिला. "मला माहितीये, सुमेधा," तो म्हणाला. "ऑगस्टपासून. अंघोळ करताना डाव्या डोळ्यात शाम्पू गेला, म्हणून तो मिटला, तर समोरच्या टाइल्स अशा आत ओढल्यासारख्या. म्हटलं साबण असेल. दुसऱ्या दिवशी मुद्दाम मिटून बघितला."

"ऑगस्टपासून! आणि मग हे स्कोप? एकामागून एक स्कोप कसले बदलत बसलास?"

"वाटायचं," तो म्हणाला, "एखाद्यात तरी सरळ दिसेल."

मला इतका राग आला की कप उचलून काचेवर मारावासा वाटला. त्याचा आला, माझा आला, त्या मेल्या ओकच्या रोपांचासुद्धा आला. मी दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यांत घालायच्या काचा तपासते, मी म्हटलं, एक जरी रेघ वाकडी दिसली तर अख्खी पेटी परत पाठवते, आणि माझ्या घरात, माझ्या उशीशेजारी... तुला मला सांगता येत नव्हतं? तोंड शिवलं होतं? त्यानं मला पूर्ण बोलू दिलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू खरं काय ते सांगितलं असतंस. म्हणून नाही सांगितलं."

चौकात एक बाई पोराला ढकलगाडीत घालून निघाली होती, प्लास्टिकच्या आवरणामागे त्याचा एक लाल बूट दिसत होता. मी राजीवचा हात धरला. स्टिअरिंगवरून तो सुटायला तयार नव्हता. एकेक बोट काढावं लागलं. काचेत दोष निघावा म्हणून हा माणूस दुकानामागून दुकानं हिंडला होता, आणि काच दर वेळी चांगली निघाली होती. दर वेळी गाडी चालवत एकटा घरी आला होता, आणि मी दारात विनोद घेऊन उभी. राग कुठं गेला ते कळलं नाही. मी इरावतीला फोन लावला. ती स्लायगोच्या हॉस्पिटलात नर्स आहे आणि ड्यूटीवर असली की तिचा आवाज माझ्या आईसारखा होतो. मी जेमतेम दोन वाक्यं बोलले असेन. "गो इन टुडे, आई," ती म्हणाली. "डोन्ट बी वेटिंग फॉर मंडे. लिमरिक. नाऊ, लाइक." आणि मग, हळूच, "इज ही ऑलराइट?" राजीवनं फोनकडे तोंड करून मराठीत सांगितलं की तो ठणठणीत आहे. तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

डोनलला त्यानंच फोन केला. ते मी त्याच्यावर सोडलं. उद्या येत नाही, तो म्हणाला, आणि मग का ते सांगितलं. सरळ, काही न लपवता, मला ऑगस्टपासून सांगितलं नाही ते डोनलला एका दमात. पलीकडे कुठंतरी कुत्रं भुंकत होतं. "त्या मादीनंतर मला वाटलंच होतं काहीतरी," डोनल म्हणाला. "विचारायचा धीर झाला नाही." मग त्यानं घसा साफ केला. "आधी डोळा बघ. मग ये. बंदूक काय, कुणीही उचलेल. दिवसभर शेजारी बसून तोंड न उघडणारा माणूस या अख्ख्या काउंटीत दुसरा नाही." राजीव हो म्हणाला, थँक्स म्हणाला, आणि फोन ठेवला. मग त्यानं किल्ली काढून माझ्या मांडीवर ठेवली आणि गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आला.

मी चालवायला घेतली. रॅथकीलच्या अलीकडे आमच्या गावाचा फाटा आला तेव्हा मी वळले नाही, लिमरिकच्या हॉस्पिटलची वाट धरली. घरी त्या लोखंडी कपाटाची किल्ली समईच्या मागे ठेवलेली असते. मी तिचा विचार केला आणि तो उद्यावर टाकला. अडेअरला नेहमीसारखी वाहनांची रांग लागली होती. त्या रांगेला मी इतकी वर्षं रोज शिव्या दिल्यात. आज गाडी थांबली, समोरच्या ट्रकचे लाल दिवे ओल्या काचेवर पसरले, आणि बाजूला राजीव हलला. त्यानं तळहातानं डावा डोळा झाकला होता आणि उजव्यानं तो माझ्याकडे बघत होता. मघाशी मी सांगत होते तेव्हा झाकला नाही, तो आता आपणहून.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"कानातलं दिसतंय. केस. खांदा, सीटबेल्ट." तो थांबला. "मध्ये तू नाहीस."

पुढचा ट्रक हलला, मागच्यानं हॉर्न दिला नाही, इथं देत नाहीत. मी हात लांब करून त्याचा तळहात डाव्या डोळ्यावरून खाली घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"आता?"

"आता आहेस," तो म्हणाला. "रडतेयस. समोर बघून चालव."